मासे पकडणारे गणिती: मिहाइलो पेत्रोविच आलास यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्बियात हे नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आपल्याकडे गणितात एम.एस्सी. केलेल्यांनीही ते बहुधा ऐकलेलं नसतं. मी त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की समोरचा आधी विचारतो, "गणिती आणि मच्छीमार? दोन्ही खरोखर?" मग पुढचे प्रश्न साधारण तेच येतात. ते सगळे इथे उत्तरांसह लिहून ठेवतो आहे.

मिहाइलो पेत्रोविच नेमके कोण?

जन्म ६ मे १८६८, बेलग्रेड. मृत्यू ८ जून १९४३, त्याच शहरात. बेलग्रेडमध्ये त्यांनी १८९४ पासून १९३८ पर्यंत गणित शिकवलं. मुख्य विषय अवकल समीकरणं, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणारी समीकरणं. सर्बियात आधुनिक गणिताचं संशोधन सुरू झालं आणि टिकलं, त्याचं श्रेय एकाच माणसाला द्यायचं झालं तर ते त्यांना द्यावं लागेल. आणि हो, सावा आणि डॅन्यूब या दोन नद्यांवर ते रीतसर मासेमारी करायचे.

"आलास" हे आडनाव आहे का?

नाही. आडनाव पेत्रोविच. "आलास" म्हणजे नदीवर जाळं टाकून पोट भरणारा मच्छीमार. मूळ शब्द हंगेरियन भाषेतून सर्बियनमध्ये आला. आपल्याकडे समुद्रावरचा कोळी आणि नदीवरचा भोई असा फरक लोक बोलण्यात करतात, त्यातला हा भोई म्हणायला हवा. बेलग्रेडचे लोक त्यांना "मिका आलास" म्हणत. मिका हे मिहाइलोचं घरगुती रूप. प्राध्यापकाला गावाने असं हाक मारणं हा अपमान नव्हता आणि त्यांनाही तो तसा कधी वाटला नाही.

मासेमारी हा छंद होता की खरा धंदा?

छंद म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. १८८२ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते एका मच्छीमाराकडे उमेदवार म्हणून लागले. त्या काळी तिथे मासेमारी हा इतर कारागिरीसारखाच शिकून, परीक्षा देऊन करायचा धंदा होता. आधी शिकाऊ, मग कारागीर, मग उस्ताद. पेत्रोविचांनी उस्तादाची परीक्षा १८९५ मध्ये दिली. तारखांकडे लक्ष द्या: आदल्याच वर्षी ते पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आले होते आणि प्राध्यापक झाले होते. म्हणजे जाळं फेकायची परीक्षा सोर्बोनच्या, म्हणजे पॅरिस विद्यापीठाच्या, पदवीनंतरची आहे! डॉक्टरेट मिळाल्यावर नदी सुटली नाही, उलट तिच्याशी असलेलं नातं त्यांनी कागदोपत्री पक्कं करून घेतलं.

या ज्ञानाचा देशालाही उपयोग झाला. सर्बियाचा मासेमारीचा कायदा तयार करण्यात त्यांचा हात होता. डॅन्यूब ही सरहद्दीची नदी असल्यामुळे शेजारी देशांशी मासेमारीचे करार करावे लागत, त्या वाटाघाटींतही ते होते. डॅन्यूब जिथे डोंगर कापून अरुंद घळीतून जाते त्या जेरदाप भागातल्या मासेमारीवर त्यांनी १९४१ मध्ये पुस्तक काढलं. पुढे धरणं झाली आणि ती जुनी नदी पाण्याखाली गेली. तिथे कोणते मासे कुठल्या जागी, कसे पकडत, हे एका गणितीने लिहून ठेवलेलं आहे.

बालपण कसं गेलं?

वडील निकोदिम धर्मशास्त्राचे शिक्षक होते. ते लवकर गेले आणि मिहाइलो आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या छायेत वाढले. आजोबा नोवित्सा लाझारेविच हे मोठे धर्मगुरू होते. घर सावा नदीच्या वरच्या अंगाला, त्यामुळे पोरगा नदी बघतच मोठा होणार होता. १८८५ मध्ये बेलग्रेडच्या पहिल्या गिम्नाझियममधून, म्हणजे माध्यमिक शाळेतून, त्यांचं शालेय शिक्षण पूर्ण झालं. त्याच तुकडीत पुढे जगभर नाव झालेले भूगोलतज्ज्ञ योवान त्स्वियिच होते. नंतर बेलग्रेडच्या "वेलिका श्कोला" या उच्च शिक्षणसंस्थेत विज्ञान-गणिताचं शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते पॅरिसला निघाले.

पॅरिसमध्ये त्यांनी काय केलं?

एकोल नॉर्माल सुपेरिअर ही फ्रान्समधली अत्यंत कठीण प्रवेशाची संस्था. तिथे आणि सोर्बोनमध्ये त्यांनी १८९१ ला गणिताची आणि १८९३ ला भौतिकशास्त्राची पदवी मिळवली. दोन वेगळ्या पदव्या घेण्याचा हा हट्ट पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे, हे मनात असू द्या.

२१ जून १८९४ रोजी त्यांनी प्रबंधाचा बचाव केला. परीक्षकांमध्ये शार्ल एर्मित, एमिल पिकार आणि पॉल पँलव्हे होते. अवकल समीकरणांच्या जगात त्या दशकात यापेक्षा कडक मंडळ मिळणं अवघड होतं. यातले पँलव्हे पुढे फ्रान्सचे पंतप्रधानही झाले. शिष्य आणि गुरूंमध्ये जन्मभर स्नेह राहिला. फ्रेंचमध्ये पेत्रोविच आपलं नाव "मिशेल पेत्रोविच" असं लिहीत, म्हणून जुने फ्रेंच लेख शोधायचे असतील तर त्या नावाने शोधा.

त्या प्रबंधात काय होतं?

बैजिक अवकल समीकरणांची उत्तरं कुठे शून्य होतात आणि कुठे अनंताला भिडतात, हा विषय.

थोडं सोपं करून सांगतो. काही समीकरणांची उत्तरं एका ठिकाणी "फुटतात", म्हणजे किंमत अनंत होते. गंमत अशी की फुटण्याची जागा समीकरण बघून ठरत नाही. सुरुवातीची किंमत बदलली की तीही सरकते. अशा सरकत्या जागा असू शकतात की नाही, असल्या तर कशा प्रकारच्या, हे उत्तर न काढताच कळेल का? पेत्रोविचांनी समीकरणातल्या प्रत्येक पदाला कागदावर एक बिंदू दिला, त्या बिंदूंभोवती बहुभुज काढला आणि बहुभुजाच्या कडांच्या उतारावरून उत्तराचा स्वभाव वाचला. अमेरिकेत हेन्री फाइन यांनी थोडं आधी, १८८९ मध्ये, याच वळणाचं काम केलं होतं. पेत्रोविचांनी आपली वाट स्वतंत्रपणे काढली.

हे काम बराच काळ विस्मरणात गेलं होतं. गेल्या काही वर्षांत व्लादिमिर द्रागोविच आणि इरिना गोर्युच्किना यांनी ते पुन्हा वर काढलं आणि आजच्या गणिताशी त्याचा धागा जोडून दाखवला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रबंध आजच्या संशोधकाच्या टेबलावर परत येतो, याचा मला फार आनंद वाटतो.

पाण्याने समीकरण सोडवणारं यंत्र म्हणजे काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

सरळ उभ्या भिंतींचं एक भांडं घ्या, त्यात पाणी भरा आणि वरून एक ठोकळा सावकाश पाण्यात सोडा. ठोकळा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा असेल तर पाणी एकसारख्या गतीने चढतं. पण त्याच जागी टोक खाली केलेला शंकू सोडला, तर पाणी आधी हळू चढतं आणि शंकू रुंद होत जाईल तसं भराभर वर येतं. कारण पाणी किती वेगाने चढणार हे पाण्याच्या पातळीला असलेल्या ठोकळ्याच्या छेदावर ठरतं. आणि पातळीला नेमका कोणता छेद आहे, हे पाणी आतापर्यंत किती चढलं यावर अवलंबून. म्हणजे बदलाचा वेग हा बदलणाऱ्या गोष्टीवरच अवलंबून आहे. अवकल समीकरण म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं.

आता उलट चाला. समीकरण हातात आहे, उत्तर हवं आहे. मग त्या समीकरणाला साजेल अशा आकाराचा ठोकळा घडवायचा, तो ठरल्या चालीने पाण्यात उतरवायचा आणि पातळी टिपत राहायचं. टिपलेली रेघ म्हणजेच उत्तराचा आलेख. आकडेमोड पाणी करतं.

या कल्पनेवर पेत्रोविचांनी जलसमाकलक बांधला. त्यावरचा त्यांचा लेख अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित गणित नियतकालिकात आला आणि १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात यंत्राला सुवर्णपदक मिळालं. सोव्हिएत रशियात लुक्यानोव यांनी पाण्यावर चालणाऱ्या गणकयंत्राचा मोठा प्रकार १९३६ मध्ये बांधला, तो यानंतर साडेतीन दशकांनी.

पोरवयापासून जो माणूस नदीची चढ-उतार बघत बसला, त्याला समीकरण सोडवायला पाणी सुचावं, यात मला काहीच नवल वाटत नाही. पुष्कळ लेखांत त्यांची मासेमारी एका परिच्छेदात आणि गणित दुसऱ्यात टाकतात. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे. बघणारा डोळा एकच होता.

"गणिती घटनामीमांसा" हा काय प्रकार आहे?

पेत्रोविचांना स्वतःला आपलं सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम हेच. १९११ मध्ये बेलग्रेडला याचा मोठा ग्रंथ निघाला आणि १९२१ मध्ये पॅरिसला त्याच विचाराचं फ्रेंच पुस्तक आलं.

स्प्रिंगला टांगलेलं वजन खाली ओढून सोडलं की ते वरखाली हलतं आणि हळूहळू थांबतं. विद्युत मंडलात साठलेला भार सोडला की प्रवाह असाच पुढे-मागे होतो आणि विझतो. एकीकडे लोखंड, दुसरीकडे वीज. दिसायला काही साम्य नाही. पण समीकरण लिहिलं की दोन्हींचं एकच निघतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आज हे पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतात. पेत्रोविचांनी विचारलं, की हे साम्य इथेच का थांबवायचं? प्रत्येक घटनेत कोणी ढकलणारा असतो, कोणी अडवणारा, कोणी त्या दोघांना जोडणारा. पात्रं बदलतात, भूमिका त्याच राहतात. मग भूमिकांचंच शास्त्र का करू नये, ज्यात यंत्र, रसायन, सजीव, समाज सगळं एका नजरेने तपासता येईल? शेवटी ते कवींच्या उपमा-रूपकांपर्यंत पोचले. उपमा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींतला सारखा सांगाडा ओळखणं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरचं त्यांचं लेखन मरणोत्तर, १९६७ मध्ये छापलं गेलं.

हे यशस्वी झालं का, असंही लोक विचारतात. प्रामाणिक उत्तर: जेवढं त्यांना हवं होतं तेवढं नाही. स्वतंत्र शास्त्र म्हणून ही शाखा उभी राहिली नाही. समाजजीवनाकडे वळल्यावर त्यांची मांडणी वर्णनाच्या पुढे फारशी सरकत नाही. पण निरनिराळ्या घटनांमागचं एकच गणिती रूप शोधायचं, हा विचार पुढे इतरांनी वेगळ्या नावांनी मांडला आणि तो आज सगळीकडे वापरात आहे. आरंभीचा वाटसरू म्हणून त्यांचं नाव घेतलं पाहिजे.

"गणिती वर्णपट" म्हणजे?

हे तर घरी करून बघण्यासारखं आहे. ३क्ष² + ७क्ष + ५ ही बहुपदी घ्या. क्ष च्या जागी १०० ठेवा. उत्तर येतं ३०७०५. उजवीकडून दोन-दोन अंक सोडवा: ३, ०७, ०५. तिन्ही सहगुणक एका संख्येत ओळीने उभे! किंवा १.०१ चा चौथा घात करा: १.०४०६०४०१. यात १, ४, ६, ४, १ दिसतात, म्हणजे द्विपद विस्तारातले सहगुणक.

लोलकातून प्रकाश गेला की त्यात मिसळलेले रंग जसे सुटे होतात, तसं एका योग्य संख्येतून दडलेली माहिती सुटी करता येते. म्हणून त्यांनी "वर्णपट" हा शब्द घेतला. १९१९ च्या पॅरिसमधल्या पुस्तकाला फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी प्रस्तावना लिहिली. माहिती एका संख्येत भरून ठेवणं ही संगणकाच्या काळात रोजची गोष्ट आहे, तेव्हा ती तशी नव्हती.

आजच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं काय सापडतं?

"पेत्रोविचची असमानता". १९३२ चं काम. बहिर्वक्र फलन असेल, म्हणजे ज्याचा आलेख झोळीसारखा खाली वाकलेला असतो, आणि काही धन संख्या असतील, तर प्रत्येक संख्येवर फलन लावून केलेली बेरीज एका मर्यादेच्या वर जात नाही. ती मर्यादा अशी काढतात: सगळ्या संख्यांच्या बेरजेवर फलन लावा, आणि संख्या जितक्या आहेत त्यातून एक वजा करून तितक्या वेळा फलनाची शून्यावरची किंमत त्यात मिळवा. असमानतांवर काम करणारे आजही तिची नवनवी रूपं काढतात.

त्याच वर्षी त्यांनी अंतरालांच्या, म्हणजे दोन हद्दींमधल्या पट्ट्यांच्या, गणितावर पुस्तक लिहिलं. मोजमाप कधीच नेमकं नसतं. खोलीची लांबी ४.९ ते ५.१ मीटर, रुंदी २.९ ते ३.१ मीटर, तर क्षेत्रफळ १४.२१ ते १५.८१ चौरस मीटरच्या दरम्यान कुठेतरी. संख्येऐवजी तिची खालची-वरची हद्द घेऊन हिशोब करायचा. ही शाखा १९६० च्या दशकात रॅमन मूर यांच्या कामामुळे संगणकशास्त्रात प्रसिद्ध झाली.

त्यांच्या शिष्यांबद्दल एवढं का बोललं जातं?

१९१२ ते दुसरं महायुद्ध या काळात बेलग्रेड विद्यापीठात गणितातले सगळे, म्हणजे अकरा, प्रबंध त्यांच्या हाताखाली झाले. पहिले म्लादेन बेरिच. नंतरचे सिमा मार्कोविच पुढे युगोस्लाव्हियातल्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते झाले. तादिया पेयोविच, रादिवोय काशानिन, मिलोश रादोयचिच हेही त्याच मालिकेत.

पण दोन नावांवर थांबायलाच हवं. योवान कारामाता यांनी १९२६ मध्ये डॉक्टरेट केली. १९३० मध्ये हार्डी आणि लिटलवूड या इंग्लिश गणितींच्या एका अवघड प्रमेयाची सिद्धता त्यांनी अवघ्या दोन पानांत दिली आणि गणितविश्व चकित झालं. "नियमित बदलणारी फलनं" ही त्यांची संकल्पना आज संभाव्यताशास्त्रात रोज वापरतात. दुसरे द्रागोस्लाव मित्रिनोविच, १९३३ ची डॉक्टरेट. असमानतांचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा व्हावी म्हणून त्यांनी आयुष्य घातलं.

यातलं कोणाचंच काम गुरूच्या कामाची नक्कल नाही. मी स्वतः पेत्रोविचांच्या प्रमेयांपेक्षा या गोष्टीला वरचं स्थान देतो. १८९४ मध्ये बेलग्रेडला परत आले तेव्हा तिथे संशोधनाचं वातावरणच नव्हतं. १९०५ मध्ये वेलिका श्कोलाचं विद्यापीठ झालं तेव्हा पहिल्या आठ पूर्णवेळ प्राध्यापकांत ते होते. आज सर्बियातल्या बहुतेक गणितींची गुरुपरंपरा मागे नेली तर ती त्यांच्यापाशी येऊन थांबते. पॅरिसमध्येच राहिले असते तर त्यांचं स्वतःचं नाव कदाचित मोठं झालं असतं, पण ही परंपरा झाली नसती.

हवामानावर काम करणारे मिलांकोविच आणि त्यांचा संबंध?

हिमयुगांचं गणित मांडणारे मिलुतिन मिलांकोविच व्हिएन्नात यशस्वी अभियंते होते. त्यांना १९०९ मध्ये बेलग्रेडला प्राध्यापक म्हणून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत पेत्रोविच होते. मिलांकोविच यांनी १९४६ मध्ये एका सहलेखकासह पेत्रोविचांच्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं.

राजपुत्राची काय भानगड?

सर्बियाचे राजपुत्र जॉर्जे काराजोर्जेविच यांना पेत्रोविच गणित शिकवायचे. दोघांची दोस्ती झाली, मासेमारीतही सोबत होती. पुढे जॉर्जेंनी वारसाहक्क सोडला, धाकटा भाऊ अलेक्सांदर राजा झाला आणि १९२५ मध्ये जॉर्जेंना बंदिवासात टाकण्यात आलं. १९२७ मध्ये त्स्वियिच वारल्यावर विज्ञान अकादमीच्या सभासदांनी अध्यक्षपदासाठी पेत्रोविचांचं नाव सुचवलं. सत्तेने ते मान्य केलं नाही. १९३१ मध्ये पुन्हा सुचवलं, एकमताने. पुन्हा नकार. कारण म्हणून बहुतेक जण या मैत्रीकडेच बोट दाखवतात.

गुप्तलिपी त्यांनी बनवल्या होत्या, हे खरं का?

खरं. सैन्याचे संदेश सांकेतिक करण्याच्या त्यांच्या पद्धती बाल्कन युद्धांपासून पुढे कित्येक वर्षं वापरात होत्या.

आणि व्हायोलिन?

१८९६ मध्ये त्यांनी "सूझ" नावाचा वादकांचा ताफा काढला. ते व्हायोलिन वाजवायचे, मैफलींच्या दालनातलं नव्हे, तर लग्नसमारंभात आणि खानावळींत वाजणारं लोकसंगीत.

जगभर प्रवास कधी केला?

साठी उलटल्यावर. १९३१ मध्ये ते उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेले, नंतरच्या वर्षांत अटलांटिकवर मच्छीमारांबरोबर आणि दूरच्या बेटांवर. परत आले की पुस्तक लिहायचं: ध्रुवप्रदेशावर १९३२, चाच्यांच्या मुलखावर १९३३, महासागरातल्या मच्छीमारांवर १९३५, आडबाजूच्या बेटांवर १९३६. वाचकांना ही पुस्तकं फार आवडली.

१९४० मध्ये त्यांनी अहिर माशावर, म्हणजे सापासारख्या लांबट ईलवर लिहिलं. युरोपातल्या नद्यांत वाढलेला हा मासा अंडी घालायला हजारो किलोमीटर पोहत सरगासो समुद्रात जातो आणि पिल्लं उलट्या वाटेने नद्यांकडे येतात. नदीकाठी वाढून समुद्राकडे ओढ लागलेल्या माणसाने हाच मासा निवडला.

महायुद्धात त्यांचं काय झालं?

एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने युगोस्लाव्हियावर हल्ला केला. पेत्रोविच राखीव अधिकारी होते. वय बहात्तर, पण गणवेश चढवून गेले. जर्मनांनी त्यांना युद्धकैदी करून न्यूरेंबर्गच्या छावणीत नेलं. तिथे प्रकृती खालावली. बंदिवासातून बाहेर आलेल्या राजपुत्र जॉर्जेंनी शब्द टाकला आणि आजारपणाच्या कारणाने त्यांची सुटका झाली. जुन्या मैत्रीपायी अध्यक्षपद गेलं होतं, त्याच मैत्रीने छावणीतून सोडवलं.

शहर परक्यांच्या ताब्यात असतानाच, ८ जून १९४३ रोजी, राहत्या घरी त्यांचं निधन झालं. शवपेटीला खांदा दिला तो नदीवरच्या मच्छीमारांनी.

बेलग्रेडला गेलो तर त्यांच्या खुणा कुठे बघायच्या?

कोसांचिचेव वेनात्स या जुन्या, फरशी घातलेल्या रस्त्यावर २२ क्रमांकाचं घर. वास्तुविशारद पेतार बायालोविच यांनी ते १९१० च्या सुमारास बांधलं. आता ते संरक्षित वास्तू आहे. याच रस्त्यावर राष्ट्रीय ग्रंथालय होतं. ६ एप्रिल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं, ती मोकळी जागा अजून तशीच दिसते. शहरातलं नववं गिम्नाझियम पेत्रोविचांच्या नावाने चालतं. त्यांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०१८ हे साल सर्बियाने त्यांच्या नावे साजरं केलं.

घर बघून झालं की उतारावरून खाली सावाच्या काठाला या आणि कालेमेग्दान किल्ल्याच्या बाजूने चालत राहा. थोड्याच अंतरावर सावा डॅन्यूबला मिळते. ते दोघींच्या मधलं पाणी म्हणजे त्यांची जागा.